परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पैसे पाठवताना : भारतातून रक्कम पाठवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

आईवडिलांनी परदेशात स्थायिक झालेल्या मुलाला घराच्या खरेदीसाठी हातभार लावावा, आजीने नातीच्या पदवीनिमित्त काही रक्कम द्यावी, मामाने भाच्याच्या लग्नाचा आहेर थेट त्याच्या तिथल्या खात्यात जमा करावा, हे व्यवहार आता कितीतरी मराठी कुटुंबांत होऊ लागले आहेत. बँकेच्या अ‍ॅपवरून पैसे पाठवणे फारसे अवघड राहिलेले नाही. अडचणी येतात त्या बहुधा नंतर, आणि त्यांचे मूळ पैसे पाठवण्यापूर्वी न विचारलेल्या प्रश्नांत असते. देणारा कायद्याच्या दृष्टीने निवासी आहे का, घेणारा खरोखर अनिवासी आहे का, दोघांचे नाते नेमके कोणते आणि पैसे कशासाठी जात आहेत, एवढ्या गोष्टी आधी कागदावर स्पष्ट केल्या, तर पुढचे बहुतेक निर्णय त्यांतूनच ठरतात.

पहिली पायरी : दोघांचे निवासी स्थान तपासावे

भारतातील निवासी व्यक्तीला परदेशात पैसे पाठवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली मिळते. बँकेत हिला सगळेच ‘एलआरएस’ म्हणतात. ४ फेब्रुवारी २००४ रोजी ही योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला २५,००० डॉलरची मर्यादा होती. आज ती प्रत्येक निवासी व्यक्तीमागे एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. ही योजना केवळ व्यक्तींसाठी आहे. कंपनी, भागीदारी संस्था, न्यास किंवा हिंदू अविभक्त कुटुंब यांना तिचा लाभ घेता येत नाही, म्हणून दुकानाच्या किंवा भागीदारीच्या चालू खात्यातून परदेशातील मुलाला भेट पाठवण्याचा विचार करू नये. रक्कम आधी रीतसर स्वतःच्या वैयक्तिक खात्यात घ्यावी आणि तिथून पाठवावी.

घेणाऱ्याकडे मात्र बहुतेक जण पुरेसे लक्ष देत नाहीत. एका निवासी व्यक्तीने दुसऱ्या निवासी व्यक्तीच्या परदेशातील खात्यात परकीय चलनात भेट जमा करणे या योजनेत बसत नाही. नोकरीसाठी, व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळाच्या वास्तव्याच्या हेतूने देश सोडून गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी ठरते, आणि शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच मानते. परंतु तीन महिन्यांसाठी मुलीकडे राहायला गेलेली बहीण निवासीच राहते. तिचे तिकडे एखादे जुने खाते असले, तरी त्यात भेट म्हणून पैसे पाठवता येणार नाहीत.

दुसरी पायरी : नाते कोणत्या कायद्याने मोजायचे ते ठरवावे

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन कायदे (करासाठी प्राप्तिकर कायदा, आणि रुपयांतील भेटीसाठी तिसऱ्या पायरीत येणारा कंपनी कायदा) ‘नातेवाईक’ या एकाच शब्दाला दोन वेगळे अर्थ देतात, आणि कुटुंबात आपण मानतो तो अर्थ या दोन्हींपेक्षा वेगळा असतो.

परकीय चलनात भेट पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या नियमांना नात्याचे बंधन नाही. मित्रालाही भेट पाठवता येते. कराच्या बाबतीत मात्र नाते निर्णायक ठरते. भारतातील निवासी व्यक्तीने ५ जुलै २०१९ नंतर अनिवासी व्यक्तीला दिलेली रकमेची भेट भारतातच उद्भवलेले उत्पन्न मानली जाते. घेणाऱ्याला नातेवाईक नसलेल्या व्यक्तींकडून एका वर्षात मिळालेल्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर केवळ वरची रक्कम नव्हे, तर सगळीच रक्कम करपात्र होते. तो कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर मात्र रक्कम कितीही असली तरी हा कर नाही.

प्राप्तिकर कायद्यात नातेवाईक कोण, हे नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने पाहायचे असते. घेणाऱ्याचा जोडीदार, त्याची भावंडे, जोडीदाराची भावंडे, आईवडिलांची भावंडे, स्वतःच्या व जोडीदाराच्या सरळ वंशातील पूर्वज आणि वंशज, आणि या सर्वांचे पती किंवा पत्नी, एवढी माणसे या व्याख्येत येतात. त्यामुळे काकाने पुतण्याला किंवा मामाने भाच्याला दिलेली भेट करमुक्त ठरते, पण परदेशातल्या मामाला भारतातल्या भाच्याने पैसे पाठवले, तर तीच दोन माणसे असूनही सवलत मिळत नाही, कारण मामाच्या बाजूने पाहिले असता भाचा या यादीत नाही. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडे कोणत्याही बाजूने यादीत नाहीत. आपल्याकडे चुलतभावाला सख्ख्यासारखेच मानले जाते, म्हणून ही चूक फार सहज होते. एक अपवाद उपयोगी आहे : घेणाऱ्याच्या स्वतःच्या लग्नानिमित्त मिळालेली भेट कोणाकडूनही आली तरी करमुक्त असते. मामेभावाला लग्नात मोठा आहेर द्यायचा असेल, तर लग्नाच्या सुमारासच पाठवावा आणि लग्नपत्रिका जपून ठेवावी. घेणारा ज्या देशात राहतो त्याच्याशी भारताचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असेल, तर त्यातील तरतुदीही लागू होऊ शकतात, म्हणून नातेवाईक नसलेल्याला मोठी रक्कम देण्याआधी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावाच.

याहून कमी बोलली जाणारी आणखी एक बाब आहे. पती, पत्नी, अल्पवयीन मूल किंवा सून यांना भेट दिली, तर भेट करमुक्त असली तरी त्या पैशातून पुढे मिळणारे उत्पन्न सामान्यतः देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. भारतात राहणाऱ्या पतीने परदेशात नोकरी करणाऱ्या पत्नीला मोठी रक्कम दिली आणि तिने ती तिथे ठेवीत गुंतवली, तर त्या व्याजाचा हिशेब पतीच्या विवरणपत्रात यायला हवा. सज्ञान मुलगा किंवा मुलगी यांना हा नियम लागू नाही. म्हणून मुलाच्या कुटुंबाला मदत करायची असेल, तर सुनेच्या खात्याऐवजी मुलाच्या खात्यात पाठवणे करदृष्ट्या सोपे जाते.

तिसरी पायरी : परकीय चलन की रुपये, हे ठरवावे

भेट पोहोचवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नातेवाइकाच्या परदेशातील बँक खात्यात परकीय चलनात रक्कम पाठवणे. दुसरा म्हणजे त्याच्या भारतातील एनआरओ खात्यात (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील रुपयांच्या साध्या खात्यात) रुपयांत, रेखांकित धनादेशाने किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, रक्कम जमा करणे. दुसऱ्या मार्गानेही दिलेली रक्कम देणाऱ्याच्या २,५०,००० डॉलरच्या वार्षिक मर्यादेतच मोजली जाते, मात्र पैसे भारताबाहेर जात नसल्याने पुढे वर्णन केलेली टीसीएसची (बँक पैसे पाठवतानाच आगाऊ गोळा करते त्या कराची) वसुली साधारणतः होत नाही.

रुपयांच्या मार्गाला नात्याची अट आहे आणि ती कंपनी कायदा २०१३ मधील व्याख्येप्रमाणे पाहिली जाते. त्या व्याख्येत जोडीदार, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ आणि बहीण येतात, शिवाय एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्यही येतात. परंतु नात, नातू, भाचा, पुतण्या यांचा तिच्यात स्वतंत्र उल्लेख नाही. म्हणजे मामाने भाच्याला परदेशी खात्यात डॉलर पाठवायला हरकत नाही, पण त्याच्या एनआरओ खात्यात रुपये भेट द्यायचे म्हटले तर व्याख्या आड येते.

खात्याचा प्रकारही नीट पाहावा. निवासी व्यक्तीने दिलेली रुपयांतील भेट एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी व्यक्तीच्या परदेशातून आणलेल्या पैशांसाठीच्या खात्यात, जमा करता येत नाही. मुलगा परदेशी जाऊन काही वर्षे झाली तरी त्याचे गावच्या शाखेतील साधे बचत खाते तसेच चालू राहिलेले असते आणि घरचे लोक त्यातच पैसे भरत राहतात. अनिवासी झाल्यावर ते खाते एनआरओमध्ये बदलून घेणे बंधनकारक आहे, आणि हे काम भेटीच्या आधी उरकावे. मुलाला भारतातच खर्च असतील, म्हणजे गृहकर्जाचा हप्ता, विमा किंवा जमिनीचे काम, तर हा मार्ग उत्तम. पैसे शेवटी परदेशातच हवे असतील, तर एनआरओ खात्यातून रक्कम बाहेर नेण्यासाठी त्याला वर्षाला दहा लाख डॉलरच्या स्वतंत्र मर्यादेत पुन्हा कागदपत्रे द्यावी लागतात. अशा वेळी मी सरळ परकीय चलनाचा मार्ग निवडण्याचा सल्ला देईन.

चौथी पायरी : टीसीएसचा हिशेब आधीच मांडावा

अनेकांना खरा धक्का इथे बसतो. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीने एलआरएसखाली पाठवलेल्या रकमांची बेरीज दहा लाख रुपयांपर्यंत असेल, तर काही वसूल होत नाही. त्यापुढील रकमेवर, हेतू भेट असेल किंवा नातेवाइकाचा चरितार्थ असेल, बँक २० टक्के टीसीएस घेते. ही दहा लाखांची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे. त्याआधी ती सात लाख होती. मर्यादा प्रत्येक बँकेमागे नसून व्यक्तीमागे आहे आणि तिच्यात शिक्षण, प्रवास, गुंतवणूक असे सर्व हेतू एकत्र धरले जातात. म्हणूनच बँक आधी इतरत्र पाठवलेल्या रकमांचे घोषणापत्र मागते. ते आठवणीवर विसंबून भरू नये.

उदाहरण घेऊ. वडिलांनी एका वर्षात मुलीला १८ लाख रुपये भेट पाठवली. पहिल्या दहा लाखांवर काही नाही, उरलेल्या आठ लाखांवर २० टक्के म्हणजे १,६०,००० रुपये टीसीएस. तो १८ लाखांतून वजा होत नाही, तर वर द्यावा लागतो, त्यामुळे खात्यात १९ लाख ६० हजार आणि बँकेचे शुल्क एवढी शिल्लक हवी. तेच आईवडिलांनी आपापल्या खात्यांतून नऊ-नऊ लाख पाठवले, किंवा वडिलांनीच निम्मी रक्कम मार्चमध्ये आणि निम्मी एप्रिलमध्ये पाठवली, तर टीसीएस लागत नाही. यात लपवाछपवी काही नाही, मात्र आईच्या खात्यातील पैसे खरोखर तिचे असावेत आणि त्यांचा स्रोत सांगता यावा.

टीसीएस हा वेगळा कर नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक करविवरणात दिसतो आणि देय प्राप्तिकरातून वजा होतो. जास्त असेल तर परतावा मिळतो. नोकरदार व्यक्ती ही माहिती मालकाला देऊन वेतनातील करकपात त्या प्रमाणात कमी करून घेऊ शकते. निवृत्त आईवडिलांना करच लागत नसेल, तर त्यांना परताव्यासाठी विवरणपत्र भरावेच लागेल, आणि तोपर्यंत दीड-दोन लाख रुपये अडकून पडतील. औषधोपचारासाठी राखून ठेवलेले पैसे असे अडकू देऊ नयेत.

पैसे मुलाच्या विद्यापीठाच्या शुल्कासाठीच जाणार असतील, तर ते ‘भेट’ म्हणून न पाठवता ‘शिक्षण’ या हेतूने पाठवावेत, कारण त्या हेतूवरील टीसीएसचा दर २० टक्क्यांपेक्षा पुष्कळ कमी आहे. उलट भेटीला शिक्षणाचे नाव देणे हे खोटे घोषणापत्र आहे आणि ते कोणत्याही बचतीसाठी करू नये.

पाचवी पायरी : कागद आणि खात्याचा तपशील

पॅन अनिवार्य आहे. त्याशिवाय ए-२ अर्ज (परदेशी रक्कम पाठवण्याचा बँकेतील अर्ज) आणि घोषणापत्र लागते. अनेक बँकांत ते ऑनलाइन भरता येते. त्यात हेतूसंकेत निवडावा लागतो : वैयक्तिक भेट आणि देणगीसाठी एस१३०२, तर कुटुंबाच्या चरितार्थासाठी एस१३०१. पैसे अल्पवयीन मुलाच्या नावावरील खात्यातून जात असतील, तर अर्जावर नैसर्गिक पालकाचीही सही लागते. बँक नात्याचा पुरावा, नातेवाइकाच्या पारपत्राची किंवा व्हिसाची प्रत आणि मोठ्या रकमेसाठी तिचा स्रोत विचारू शकते : मुदतठेव मोडल्याची पावती, घरविक्रीचा करार, निवृत्तीच्या रकमेचे पत्र. खाते नवे असेल, तर आधीच्या बँकेचे वर्षभराचे विवरण जवळ ठेवावे.

मोठ्या रकमेसाठी भेटीचे पत्रही करावे. त्यात दोघांची नावे, पत्ते, नाते, रक्कम, तारीख, ही रक्कम परतफेडीची अपेक्षा न ठेवता प्रेमापोटी दिली आहे असे स्पष्ट वाक्य, देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची स्वीकृती असावी. परदेशात गृहकर्ज देणाऱ्या बँका असे पत्र हमखास मागतात, कारण त्यांना हे छुपे कर्ज नाही याची खात्री हवी असते. पैसे परत यावेत अशी मनात अपेक्षा असेल, तर ती भेट नव्हे. तसे कर्ज म्हणूनच लिहावे. पुढे भावंडांत गैरसमज होऊ नयेत यासाठीही हे हवे.

खात्याचा तपशील नातेवाइकाकडून लेखी घ्यावा आणि मग व्हिडिओ कॉलवर अंक वाचून पडताळावा, कारण ईमेल खाते हॅक करून बदललेला खाते क्रमांक पाठवण्याची फसवणूक सर्रास होते. नाव खात्यावर आहे तसेच लिहावे. सर्व देशांसाठी घेणाऱ्याच्या बँकेची ओळख सांगणारा आठ किंवा अकरा अक्षरांचा स्विफ्ट कोड लागतो. युरोप आणि आखाती देशांत आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक), अमेरिकेत नऊ अंकी राउटिंग क्रमांक, ब्रिटनमध्ये सहा अंकी सॉर्ट कोड, ऑस्ट्रेलियात सहा अंकी बीएसबी आणि कॅनडात ट्रान्झिट व संस्था क्रमांक विचारले जातात. पहिल्यांदाच पाठवत असाल, तर आधी एक लहान रक्कम पाठवून ती पोहोचल्याची खात्री करावी. दुसऱ्यांदा शुल्क पडते, पण चुकलेली मोठी रक्कम परत मिळवण्याच्या खटाटोपापुढे ते काहीच नाही.

सहावी पायरी : दर आणि शुल्क

बँकेचे ‘शून्य शुल्क’ पाहून निर्णय घेऊ नये. खरा खर्च विनिमय दरातील फरकात असतो. बाजारात डॉलरचा दर किती आहे आणि बँक विक्रीचा दर किती लावते, यांतील फरक प्रत्येक डॉलरमागे एक रुपया असला, तरी दहा हजार डॉलरवर दहा हजार रुपये जातात. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी विचारावे, आणि ‘एवढे डॉलर त्याच्या खात्यात पोहोचायचे असतील तर माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील’ असा एकच प्रश्न सगळीकडे विचारावा. शाखेत रक्कम मोठी असल्यास दरात थोडी सूट मागता येते आणि ती पुष्कळदा मिळतेही.

चलन बदलण्यावर जीएसटी लागतो, पण तो संपूर्ण रकमेवर नसतो. पाच लाख रुपये बदलल्यास सेवेचे मूल्य ३,००० रुपये धरून त्यावर १८ टक्के, म्हणजे ५४० रुपये होतात. दहा लाखांवर ९९० रुपये. मधल्या बँकांचे शुल्क कोणी सोसायचे यासाठी अर्जात पर्याय असतात. घेणाऱ्याला ठरलेली पूर्ण रक्कम मिळायला हवी असेल, तर ‘अवर’ हा पर्याय घ्यावा. ‘शा’ (शुल्क दोघांत वाटून) घेतल्यास मधली बँक रकमेतून काही डॉलर कापू शकते. सिंगापूरला लहान रक्कम पाठवायची असेल, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली यूपीआय आणि सिंगापूरची तशीच सेवा पेनाऊ यांची जोडणी भेट व चरितार्थ या हेतूंसाठी सोयीची आहे.

सातवी पायरी : घेणाऱ्याच्या देशातील नियम

भारतात सर्व काही नियमाने झाले, तरी तिकडची जबाबदारी वेगळी असते आणि ती नातेवाइकाला आधी कळवायला हवी. अमेरिकेत करनिवासी असलेल्या व्यक्तीला परदेशी व्यक्तीकडून एका वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली, तर त्यावर कर नसला तरी फॉर्म ३५२० भरून ती कळवावी लागते. नाही कळवले, तर भेटीच्या रकमेच्या दरमहा ५ टक्के, कमाल २५ टक्के इतका दंड होऊ शकतो. देणाऱ्या आईवडिलांकडेच ग्रीन कार्ड असेल, तर अमेरिकेचे भेटकराचे नियम त्यांनाही लागू शकतात. जर्मनीत भेटकर घेणाऱ्यालाही लागतो : आईवडिलांकडून मुलाला दहा वर्षांत चार लाख युरोपर्यंत सूट आहे, पण भावाकडून भावाला केवळ वीस हजार युरोपर्यंत, आणि भेट तीन महिन्यांच्या आत कळवायची असते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात खऱ्याखुऱ्या भेटीवर घेणाऱ्याला सामान्यतः कर नाही, परंतु त्या पैशातून मिळणाऱ्या व्याजावर आहे.

काय टाळावे

‘तुम्ही इथे माझ्या आईला रुपये द्या, मी तिकडे तुमच्या मुलाला डॉलर देतो’ ही ओळखीतली अदलाबदल अतिशय निरुपद्रवी वाटते, आणि चांगली, सरळमार्गी माणसेही ती करतात. परकीय चलन कायद्यानुसार ती नियमबाह्य आहे आणि अशा उल्लंघनाला गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हवालाबद्दल वेगळे सांगायला नकोच. सुट्टीला आलेल्या मुलाच्या बॅगेत रोख नोटा देण्याचाही मोह टाळावा. कागदाशिवाय गेलेले पैसे उद्या घर घेताना किंवा तिकडच्या कर खात्यापुढे त्यालाच सिद्ध करता येत नाहीत.

मुलाच्या परदेशी खात्यावर सोय म्हणून स्वतःचे नाव सहधारक म्हणून लावण्याआधीही विचार करावा. मग ते खाते तुमच्या भारतीय विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागते.

पैसे गेल्यावर

रक्कम साधारणपणे एक ते पाच कामकाजाच्या दिवसांत पोहोचते. बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत आणि यूईटीआर नावाचा मागोवा क्रमांक घ्यावा. पैसे अडकल्यास त्याच क्रमांकावरून ते कोणत्या बँकेत थांबले हे कळते. नातेवाइकाकडून पूर्ण रक्कम मिळाल्याचा ईमेल घ्यावा. ए-२ अर्जाची प्रत, भेटीचे पत्र, बँकेची सूचना, टीसीएसचे प्रमाणपत्र आणि हा ईमेल एकाच फाइलमध्ये ठेवावेत आणि त्यांची एक स्कॅन प्रत घेणाऱ्यालाही पाठवावी. तिमाही उलटल्यावर टीसीएस तुमच्या पॅनवर दिसतो की नाही ते तपासावे आणि दिसत नसेल तर लगेच शाखेत लेखी कळवावे, कारण विवरणपत्राच्या मुदतीच्या आठवड्यात ही दुरुस्ती करून घेणे फार कठीण जाते. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होत असल्याने कलमांचे आणि काही अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकाचा अर्ज कोणी मागितला, तर त्याचा नवा क्रमांक विचारून मगच भरावा.